चार पाण्यांनी धुतलेला स्पंज

पहिल्या खेपेला विषाणूने हात टेकले होते. समुद्रातल्या एका तपकिरी स्पंजाचा अर्क मी पेशींवर घातला, मग विषाणू सोडला, आणि तीन दिवसांनी पाहते तर पेशी ठणठणीत. दुसऱ्या खेपेला तोच स्पंज, त्याच बंदरावरचा, पद्धत तीच, आणि पेशी सगळ्या मेलेल्या. माझं डोकंच चालेना.

प्रयोगशाळेतल्या सरांनी माझी नोंदवही मागून घेतली. पानं उलटत हळूच म्हणाले, "पहिले आकडे तुम्ही बघूनच लिहिलेत ना?" मी हो म्हटलं. रागही आला, वही काय मी कल्पनेने भरते? पण संध्याकाळी घरी जाताना बस नुंगंबाक्कमला पोहोचेपर्यंत माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही. खरंच बघितलं होतं, की बघायचं होतं तेच दिसलं?

एक गोष्ट मात्र मी दडवली होती. स्पंज बंदरावरून थेट शोळिंगनल्लूरला, प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जायला हवा. दुसऱ्या खेपेला रविवार होता, जिवावर आलं, म्हणून बर्फाची पेटी सोमवारपर्यंत आमच्या बाल्कनीत ठेवली. झाकण घट्ट, बर्फ भरपूर, म्हटलं काय होतंय त्याला.

जेवताना रसमभात चिवडत बसले, तेव्हा सासूबाईंनी विचारलं काय झालं. मी साताऱ्याची, त्या तंजावरच्या मराठी घरातल्या, कडक शाकाहारी. मी सगळं सांगितलं.

"त्या पेटीतलं ना गे?" त्या म्हणाल्या. "वास मारत होतं. नळाखाली चार पाण्यांनी धुऊन परत ठेविलें. तुजं काम हलकं होईल मणून."

मी घास हातात धरून बसले. समुद्रातला जीव गोड्या पाण्यात धरला की त्याच्या पेशी फुटतात, आतलं सगळं वाहून जातं. म्हणजे औषध मोरीत गेलं. किंवा पहिल्यापासून नव्हतंच. चिडावं की हसावं कळेना. त्यांनीही ताट सरकवलं. "माज्यामुळं तुजी नोकरी जाते काय गे?" मी नाही म्हटलं, पण त्या काही जेवल्या नाहीत.

सकाळी सरांना सांगून टाकलं की पेटी घरी नेली होती आणि स्पंज नळाखाली धुतला गेला. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मच्छीमारीची बंदी लागलेली, जाळ्यातून येणारा नवा स्पंज दोन महिने मिळणार नव्हता, तोवर माझं खरं की खोटं हे ठरणार नव्हतं. शेवटी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. "कुणी धुतला तेही लिहा."

मी पेन उघडलं. मग लिहिलं, "मी."

पहिले आकडे खरे होते का, मला आजही शपथेवर सांगता येत नाही. त्या वहीतलं खोटं म्हणून मला नक्की ठाऊक आहे ते एवढं एकच अक्षर.