वाढलेले मार्क

वाळत घातलेल्या मोहफुलांचा वास आला की राजुऱ्याकडच्या एका बाईचं अंगण आठवतं. मी तेव्हा बचतगटांना कर्ज देणाऱ्या संस्थेत होते आणि कर्जदार बायकांची गरिबी किती हटली हे मोजायला प्रश्नांचा तक्ता घेऊन दारोदार हिंडायचे. घरात माणसं किती, विचारलं तर ती म्हणाली, "मागच्या साली चार लिवले होते तुम्ही, आता तीन लिवा. मोहफुलं वेचताना मालकाले वाघानं नेलं." आमच्या तक्त्यात माणसं कमी झाली की गरिबी हटल्याचे मार्क वाढायचे; तिचेही वाढले. "चांगलं हाये का, बाई?" तिनं कागदाकडे बघत विचारलं आणि मी निर्लज्जासारखं हो म्हटलं. नोकरी कधीच सुटली, पण त्या वर्षीच्या अहवालात ते घर अजून गरिबीतून वर आलेलंच आहे.