टपावर झोपणारे बाबी मेस्त्री

चोवीस वर्षं जीप चालवतोय, पण माझ्या टपावरून आजवर एक काडी खाली पडली नाही. एकदा अख्खा कॅरियरच पडला, तेवढं सोडा. ही गोष्ट त्याच कॅरियरची, आणि तो ज्यांनी बनवला त्या बाबी मेस्त्रींची.

कुडाळहून मालवणला येताना नाक्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे ते वेल्डिंगची कामं करायचे. जुनी जीप विकत घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तर गाडीकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. मलाच विचारलं, "कितकी माणसां?"

"नऊ बसतत. मी चौदा बसयतंय," मी छाती फुगवून सांगितलं.

"आतली नाय रे झिला. टपावरली."

"टपार सामान आसतला. माणसां कशी?"

"सामानच. पण कितक्या माणसांचा?"

मेस्त्रींचं वजनाचं माप माणूस. किलोबिलो त्यांच्याकडे चालायचं नाही. मी म्हटलं, चार. त्यांनी चार माणसांचा कॅरियर बनवला, सहा लोखंडी पकडींनी टपाच्या कडेला आवळला, तीन माणसांइतकी वाळू पोत्यांत भरून वर चढवली आणि चौथे म्हणून स्वतः जाऊन उताणे झोपले. हात छातीवर, डोळे मिटलेले. म्हणाले, "चल, देवळापर्यंत. खड्डे चुकवू नको."

हा त्यांचा नेमच होता. स्वतः वर झोपून बघितल्याशिवाय एकही कॅरियर त्यांनी गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिला नाही. कुठे करकरलं की वरून बोटांनी टप ठोकायचे. एकदा ठोकलं तर हळू, दोनदा ठोकलं तर थांब. त्या दिवशी रस्त्यावरच्या बायकांना वाटलं मी मढं घेऊन चाललोय, आणि तेही तोंड न झाकता. एकीने तर हात जोडले. मीही आतून उलट नमस्कार केला.

"मेस्त्रीनू, ह्या झोपणा कित्याक?" मी विचारलं.

"सामान बोलना नाय रे. कोणीतरी तेच्या वतीन जावक व्हया."

होड्या ओढायच्या ट्रॉल्यांचे हूकही तेच बनवायचे. ट्रॉलीची दांडी गाडीच्या हुकात बसते, वरून पीन जाते, झालं. पण मेस्त्री खालून दोन साखळ्या आडव्यातिडव्या लावायचे. पीन निघाली तर दांडी रस्त्यात घुसायची नाही, साखळ्यांच्या झोळीत पडायची. एका रापणकराने, म्हणजे रापणीचं जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, विचारलं, "एक साखळी पुरे नाय?" मेस्त्री म्हणाले, "एक तुका. दुसरी तुझ्या मागसून येतलो तेका."

आता माझी अक्कल बघा. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे तिच्याकडे बोट दाखवायचीही सोय नाही. कॅरियरच्या मागच्या दोन पकडी वाऱ्यात शिट्टी वाजवायच्या. प्रवासी म्हणायचे, तुझी जीप बाजारातल्या बायकांना शिट्ट्या मारते. म्हणून एका दुपारी मी त्या दोन्ही पकडी सोडल्या आणि पुढच्या खणात टाकल्या. शिट्टी बंद झाली. मला वाटलं, आपण मेस्त्रींच्याही वरचे निघालो.

पंधरा दिवसांनी पिंगुळीच्या एका बाहुलीवाल्याचे पेटारे घेऊन मालवणला चाललो होतो. तिथल्या हॉटेलात पर्यटकांसमोर त्याचा खेळ होता. नाक्याच्या पुढच्या वळणावर समोरून एसटी आली, मी स्टेअरिंग ओढलं, आणि कॅरियर टपावरून सुटून पेटाऱ्यांसकट चरात गेला. पेटारे फुटले. रस्त्यावर राजे, राण्या, राक्षस हातपाय पसरून पडले. मी उतरलो आणि पहिल्यांदा किती मेले ते मोजायला लागलो. सातापर्यंत गेलो तेव्हा कळलं की लाकडाची आहेत.

नाक्यावरची माणसं धावत आली. कोणीतरी म्हणालं, "मेस्त्रीचो जोड सुटलो दिसता."

मी म्हटलं, "आसात."

असेल, बस्स. एवढं थोडकं मी जन्मात बोललो नव्हतो.

मागून मेस्त्री आले. चरात उतरून एकेका जोडावरून बोट फिरवलं. "जोड शाबूत आसत. मागल्यो दोन पकडी खंय?"

"उडाल्यो आसतीत खंयतरी," मी म्हटलं. त्या माझ्यापासून चार हातांवर जीपच्या खणात होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मेस्त्री त्या वळणावर दिसायला लागले. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलेलं, आणि ते गवतातून ओढत वाकून चाललेले. खिळे मिळाले, बाटल्यांची झाकणं मिळाली, बैलाच्या पायाची पत्री मिळाली. रोज संध्याकाळी शेड बंद करून यायचे. मी रोज तिथून जायचो, आणि प्रत्येक खड्ड्याला खणातल्या पकडी खळखळायच्या. शेवटी मी त्या फडक्यात गुंडाळल्या.

एकदा सांगायचं ठरवून गाडी थांबवली. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "मेस्त्रीनू, खजिनो गावलो काय?"

ते हसले. म्हणाले, "पकड गावली तर समजात रे. मोडली आसात तर माझा लोखंड वायट. सुटली आसात तर माझा आवळणा कमी पडला. तू जा, तुझी माणसां खोळंबली."

दोन्हीकडून चूक त्यांचीच. तिसरी शक्यता त्यांच्या मनात आलीच नाही, किंवा आली असेल तर त्यांनी ती माझ्यासमोर बोलून दाखवली नाही. मला अजून यातलं खरं कोणतं ते कळत नाही.

रापणकर हूक करून घ्यायला कुडाळला जायला लागले. एकाने अर्धा झालेला कॅरियर तसाच उचलून नेला. पावसाळ्यानंतर शेडचं दार उघडेना. छातीत कळ आली आणि दोन दिवसांत मेस्त्री गेले.

माझ्या टपावर आता कॅरियर नाही. तरी त्या वळणाच्या अलीकडे वरून ठोकल्याचं ऐकू येतं. दोनदा. मी थांबतो. प्रवासी विचारतात काय झालं. एकदा म्हटलं, टपावर नारळ पडला. मागून एक म्हातारी म्हणाली, "हयसर माड खंय आसा रे?" कधी गवतात कोणीतरी वाकलेलं दिसतं. मी हॉर्न देत नाही. वर बघून काय म्हणतील याची भीती वाटते.

वर्षाने फडकं घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, आमच्या काकी, पडवीत बसून सुपातले खडे वेचत होत्या. मी पकडी समोर ठेवल्या. त्यांनी एक उचलून तिच्यावरून अंगठा फिरवला.

"मोडूक नाय," त्या म्हणाल्या.

"नाय."

"सुटली?"

"मी काढल्लंय. शिट्टी वाजत होती म्हणान." मग नाक्यावर काय बोललो तेही सांगितलं.

काकींनी पकड खाली ठेवली आणि पुन्हा सूप ओढलं. मला गप्प बसणं सहन होत नाही. म्हटलं, "काकी, ह्या सूप माझ्या टकलेर घाला. फक्त खडे आधी काढा."

काकी हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पकडी माझ्याकडे सरकवल्या.

"माका कित्याक सांगतंस? तेंचा काम माका ठावक आसा. नाक्यार ज्येंच्या म्होरे 'आसात' म्हटलंस, तेंका जावन सांग. आणि हसवन सांगू नको."