गुण कमी पडावेत म्हणून

माझी जीभ तिखट, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. पोरीनं सकाळी भाकरी न मोडता ताट सरकवलं, तेव्हा मी आधी तिच्यावरच खेकसले. शेजारीण तेलाची वाटी घेऊन हजर झाली. म्हणाली, "बेंबी सरकली असंल, चोळून देते." मी तिला दारातूनच वाटेला लावलं. आदल्या दिवशी बेंबीपाशी असलेलं दुखणं आता उजवीकडं खाली उतरलं होतं आणि पोरगी वाकून चालत होती. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीहून आम्ही मायलेकी एसटीनं धाराशिवच्या दवाखान्यात निघालो. प्रत्येक खड्ड्याला ती समोरचा दांडा घट्ट धरायची आणि वर मलाच म्हणायची, "काय न्हाय गं, ॲसिडिटी हाय."

तिचं दुखणं मला कळत होतं, आणि ती ते का लपवतेय हेही. दोन दिवसांनी पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. किती वर्षं पहाटे उठून डांबरी रस्त्यावर पळत होती ती! पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. ही एकच संधी उरली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं, "अपेंडिक्सची शंका आहे. दुखणं कुठून कुठं सरकलं, भूक आहे का, मळमळ, ताप, दाबल्यावर दुखतं का, हात सोडल्यावर जास्त दुखतं का, रक्तात पांढऱ्या पेशी किती, या प्रत्येकाला गुण असतात. बेरीज जास्त आली तर बहुतेक ऑपरेशन. कमी आली तर घरी. मधे आली तर इथं थांबून परत तपासायचं."

झालं! स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घोटलेली माझी पोरगी, तिला एवढं पुरेसं होतं. भूक? लागते की. मळमळ? अजिबात नाही. दाबल्यावर? हसून म्हणाली, "नाही दुखत, मॅडम." आयुष्यभर एकेका गुणासाठी रडलेली पोर तिथं गुण कमी पडावेत म्हणून झटत होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टरांनी पोटावरून हात झटकन उचलला तेव्हा तिचं तोंड हसतच राहिलं, पण पायाची बोटं आत वळून गच्च झाली.

रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सीआरपी का काय म्हणतात तेही वाढलेलं. सोनोग्राफीत गॅसमुळं अपेंडिक्स दिसलंच नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडल्या. "शरीरात सूज आहे एवढं रक्त सांगतंय. कुठं आहे ते सांगत नाही. पोट तर दुखत नाही म्हणतेय ही."

बोलले तर पोरीची भरती जाणार, गप्प बसले तर कदाचित पोरगीच. मी ओरडलेच, "अहो, खोटं बोलतेय ती! तिच्या पायाकडं बघा!"

"आई खोटं बोलतेय," पोरगी म्हणाली. माझ्याकडं न बघता.

डॉक्टरांनी तिला खाली उतरवलं आणि उजव्या पायावर एक उडी मारायला सांगितली. लांब उडीत तालुक्यात पहिली येणारी माझी लेक. तिनं उडी मारली आणि कळवळून खाटेवर कोसळली. ऑपरेशनच्या कागदावर सही तिनंच केली, रडत रडत.

ऑपरेशन नीट झालं. अपेंडिक्स पू धरून टम्म फुगलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "आज फुटलं असतं की दोन-चार दिवसांनी, ते सांगता येत नाही." पोरीनं त्यातले दोन-चार दिवस तेवढे धरून ठेवले. तेवढ्यात चाचणी देऊन झाली असती, असं ती एकदाच म्हणाली. नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली. मला राग यायचा. मग रडू यायचं. वाचवलंय गं तुला, असं किती वेळा ओठावर आलं आणि मी गिळलं.

भरती गेल्यावर घरात स्थळांची चर्चा सुरू झाली. जळकोटचे पाव्हणे आले. मुलाचे वडील म्हणाले, "लग्नानंतर हे पळणं-बिळणं नको बरं का, पोरी." आमच्या ह्यांनी घाईघाईनं मान डोलावली. मग पाव्हण्यांनी तिला विचारलं, "पसंत आहे ना?"

"व्हय," ती हसून म्हणाली.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. साडीच्या काठाखाली तिच्या पायाची बोटं आत वळलेली होती. मागं एकदा बोलून मी काय मिळवलं होतं? पोरीचा अबोला.

मी ट्रे खाली ठेवला. "पाव्हणं, माफ करा. पोरीला पसंत न्हाय. ती खोटं बोलतेय."

ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. "तुझ्या तोंडाला काही लगाम हाय का न्हाय? पोरगी स्वतः हो म्हणाली ना?"

पोरीनं मान वर केली आणि दवाखान्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"आई खरं बोलतेय," ती म्हणाली.