पेन चार्ज होईपर्यंत

गाडी शिकणारे लोक बाईंना पाठीमागे 'तोफ' म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या नोकरीत त्यांनी अर्ध्या शहराला गाडी शिकवली ती आवाजाच्या जोरावर. त्यांनी 'क्लच!' म्हटलं की शिकणारा तर दचकेच, पण शेजारून जाणारा सायकलवालाही पाय आवरून घेई. पुढे घशाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हा लोक हळहळले आणि जरासे गालातल्या गालात हसलेही. बाईंनी कशाचाच राग मानला नाही. जीव राहिला आणि आवाज गेला, हा सौदा काही वाईट नाही, असं शुद्धीवर आल्या आल्याच त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. त्या सर्जनचे हात आठवले की अजून त्यांना भरून येतं.

घरी आल्यावर प्रश्न आला बोलण्याचा. सुरुवातीला कागदाच्या चिठ्ठ्या करून पाहिल्या. पण बोललेलं हवेत विरतं, चिठ्ठी मागे राहते. एकदा शेजारीण साखर मागायला आली आणि 'ही आता तासभर हलायची नाही' अशी टेबलावर राहिलेली चिठ्ठी तिने वाचली. तेव्हापासून घरातली साखर सुरक्षित झाली, पण चिठ्ठ्याही बंद झाल्या. मग परगावच्या मुलाने टॅबलेट पाठवला, सोबत त्यावर लिहायचं पेन. लिहायचं, दाखवायचं, पुसून टाकायचं. लिहिताना हाताचा तळवा टेकला की पडद्यावर रेघोट्या उठत, म्हणून मुलाने सेटिंगच असं करून दिलं की फक्त पेन उमटेल. बोटाने नुसतं पान सरकेल.

पेनाला शाई लागत नव्हती, चार्जिंग लागायचं. टॅबलेटच्या कडेला धरलं की ते चुंबकाने खटकन चिकटायचं आणि तिथल्या तिथे चार्ज व्हायचं. हे काम बाईंच्या नवऱ्याने आपणहून अंगावर घेतलं. तो बाइंडर. जन्म पुस्तकांच्या पाठी शिवण्यात गेलेला आणि बोलण्यात मुळातच कंजूष. दोघांच्या वाटचं बोलणं आजवर बाईंनीच निभावलेलं. आता रोज जेवणं झाली की तो पेन कडेला चिकटवायचा, चष्मा कपाळावर चढवून कोपऱ्यातला चार्जिंगचा आकडा निरखायचा आणि मगच दिवा मालवायचा. बायकोचं बोलणं कधी थांबतंय याची वाट बघणारे नवरे खंडीभर असतात. ते चालू राहावं म्हणून धडपडणारा आपल्या वाट्याला आला, याचं बाईंना फार अप्रूप वाटे.

सगळं ठीक होतं, पण बाईंचा जीव गाडीत अडकला होता. भाजी निवडतानाही त्यांचा डावा पाय क्लच शोधायचा. त्यांनी स्कूलच्या मालकाकडे खेटे घातले. मालक म्हणायचा, शिकणाऱ्याने रस्ता बघायचा की तुमचा पडदा वाचायचा? बाईंनी लिहून दाखवलं की गाडी उभी असताना सांगेन, चालू असताना माझ्या बाजूचा ब्रेक आहेच. तरी तो टोलवत राहिला. शेवटी कबूल झाला तो एका सिस्टरमुळे. ती मोठ्या हॉस्पिटलमध्ये नर्स होती, आणि तिला गाडी शिकवताना स्कूलच्या दोन शिक्षकांनी हात टेकले होते. ही तुमच्याकडे टिकली तर तुमची जागा तुमची. नाही टिकली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं.

आदल्या दिवशी बाई टॅबलेटवर सूचना लिहून बघत बसल्या, पुसून पुन्हा लिहीत राहिल्या, आणि पेनाचा जीव पार तळाला गेला. संध्याकाळी बाइंडरने पाठीमागे लपवलेली वस्तू पुढे केली. टॅबलेटचं कव्हर होतं. चांगलं जाड चामडं, आत पुठ्ठा, हाताची शिलाई, आणि कडेला पेनासाठी घडी. बाई हरखल्या. बाइंडरने पेन घडीत बसवलं. ते चामड्यावरूनही चिकटलं. मिटलेलं कव्हर इतकं देखणं दिसत होतं की त्या रात्री त्याने उघडून आकडा बघितला नाही.

सकाळी बाईंनी स्वतः गाडी चालवत सिस्टरला शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर नेलं. वाटेत सिस्टर सीटबेल्ट घट्ट धरून बसली होती, जणू बेल्टच तिला वाचवणार होता. मैदानावर दोघींनी जागा बदलल्या. बाईंनी ऐटीत कव्हर उघडलं, पेन काढलं आणि लिहायला टेकवलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा टेकवलं, झटकलं, पदराला पुसलं. चामडं मध्ये आलं होतं. पेन रात्रभर नुसतं चिकटून बसलं होतं, आणि सूचना गिरवून उरलंसुरलं चार्जिंगही कधीच संपलं होतं.

बोटाने लिहायला गेल्या तर पान सरकलं. कागद शोधला तर गाडीच्या कप्प्यात काच पुसायचं फडकं आणि वाळलेली संत्र्याची साल. त्यांनी बाइंडरच्या नावाने बोटं मोडली, आणि तरीही शिलाई उसवू नये म्हणून टॅबलेट त्या कव्हरातून अगदी जपून सोडवला. उघड्या कडेला पेन लावलं. कोपऱ्यात आकडा दिसला: एक टक्का. आता थांबण्याशिवाय इलाज नव्हता. त्यांनी पेनाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले.

सिस्टर स्टिअरिंग घट्ट धरून बसली. आता ओरडा बसणार, मग बसणार, अशी तिची मान आखडलेली. बराच वेळ काहीच झालं नाही, तेव्हा तीच बोलू लागली. तिची बदली एका लांबच्या आरोग्य केंद्रात झाली होती, तिथे बस जात नव्हती. गाडी चालवता आली नाही तर नोकरी सोडावी लागेल. नवऱ्याने शिकवून पाहिलं, तो ओरडला. इथले शिक्षक ओरडले. शेजारच्याने बोलायला नुसता श्वास घेतला तरी हिचे दोन्ही पाय एकदम दाबले जातात. वॉर्डात कितीही रक्त बघितलं तरी आपला हात कापत नाही, आणि इथे काय होतं कळत नाही, असं सांगताना तिचे डोळे भरले. बाईंना आपल्या शेजारी बसून ओरडा खाऊन गेलेले किती तरी चेहरे आठवले. त्यांनी सिस्टरचा हात धरून ठेवला.

डोळे पुसताना सिस्टरचं लक्ष ऑपरेशनची जागा झाकणाऱ्या बाईंच्या गळ्याच्या रुमालाकडे गेलं, आणि तिचा आवाज एकदम बदलला. वॉर्डात असावा तसा झाला.

"आमच्याकडे नळी घातलेले पेशंट असतात," ती म्हणाली. "त्यांना बोलता येत नाही, पण आमचं काही अडत नाही. ते पलंगाच्या दांडीवर टकटक करतात. आपणही तसंच करू या का? एकदा वाजवलं की हळू. दोनदा वाजवलं की थांबायचं. बाकी मी तुमच्या चेहऱ्याकडे बघून ओळखेन, पण गाडी उभी असतानाच हं."

बाईंनी डॅशबोर्डवर एकदा टकटक केलं. मग दोनदा. सिस्टरने शहाण्या मुलीसारखी मान डोलावली आणि चावी फिरवली.

गाडीने आचका दिला आणि बंद पडली. सिस्टरने खांदे आवळून वाट बघितली. कुणीच काही म्हणालं नाही. मग ती स्वतःशीच 'पुन्हा' म्हणाली. पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा चाकं फिरली, आणि मैदानाची एक फेरी कासवाच्या गतीने पुरी झाली. दुसऱ्या फेरीत वळणावर बाईंनी एकदा वाजवलं, गाडी हळू झाली. भिंतीजवळ दोनदा वाजवलं, गाडी थांबली. बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर तयार होता, पण दाबावा लागला नाही.

"पेन झालं असेल की आता," थांबल्यावर सिस्टर म्हणाली.

झालं होतं. बाईंनी आकडा बघितला, पेनाला हात न लावता समोर बोट केलं, आणि सिस्टरने गिअर टाकला.

स्कूलच्या दारात मालक उभाच होता. काय शिकवलं, असं त्याने दोघींना मिळून विचारलं. सिस्टर उतरली, पदराने कपाळ टिपलं आणि म्हणाली की उद्या हीच वेळ आणि ह्याच बाई. मालकाने एकदा तिच्याकडे आणि एकदा बाईंकडे बघितलं. बाई चावी परत करायला गेल्या, तर त्याने हात मागे घेतला. राहू द्या तुमच्याकडेच, म्हणाला.

घरी बाइंडर जिन्यात वाट बघत होता. बाईंच्या एका हातात टॅबलेट आणि दुसऱ्यात रिकामं कव्हर बघून त्याचं तोंड उतरलं. त्याने न विचारताच ओळखलं की आपल्या हातून काहीतरी घोटाळा झालाय. बाईंनी त्याला पायरीवर बसवलं, शेजारी बसल्या आणि सगळं लिहिलं. कव्हरामुळे पेन चार्ज झालं नाही. त्यामुळे थांबावं लागलं. थांबले म्हणून ती बोलली, आणि बोलली म्हणून शिकली. जागा परत मिळाली.

मग त्यांचा हात जरा अडखळला. इतक्या वर्षांच्या संसारात, आवाज खणखणीत होता तेव्हाही, जे एकदाही म्हणायचं सुचलं नव्हतं ते त्यांनी खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मी तुमची फार आभारी आहे.'

बाइंडरने वाचलं. त्याने हळूच बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं, आणि त्यांच्या अक्षराखाली आपल्या बारीक अक्षरात लिहिलं: 'उद्या किती वाजता उठवू?'