माझं कुठं चुकलंय, सांगा

वाशीच्या आमच्या ऑफिसातले ते सगळ्यांत सीनियर इंजिनिअर. त्या हुद्द्यावर लोक मीटिंगांत रमतात; हे मात्र रोज सकाळी चपला काढून कोड लिहायला बसायचे. लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे, "आकडा हितवर आला, मग गेला कुठं?" जणू चुकलेलं शेरडू हुडकतायत.

माझ्या मुलाखतीत त्यांनी स्वतःचा आदल्या दिवशीचा कोड पुढं केला. "ह्यात माझं कुठं चुकलंय, सांगा."

मी भीतभीत एक चूक दाखवली. ते हरखलेच. "व्हय की! मला दिसलीच न्हाय." आधी ती दुरुस्त केली, मग मला नोकरी दिली.

ते निवृत्त झाल्यापासून मुलाखती मी घेतो, अगदी तशाच. परवा एका उमेदवारानं विचारलं, "सर, हा कोड तुमचाच ना?"

मी होकारार्थी मान हलवली. खरं तर कोड त्या निवृत्त सरांचाच होता. मी लिहायचं सोडून दोन वर्षं झाली.