खंडेनवमी, सतराचा पाना आणि हेर हुबर

इंजिन हा विषय मी चार वर्षं शिकलो, चौदा वर्षं त्यावर पोट भरतोय, आणि गेल्या नवरात्रापर्यंत मी एकाही इंजिनाला हात लावलेला नव्हता.

हे मी लाजून सांगत नाहीये. मी बी.ई. मेकॅनिकल आहे, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन! आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजात पाऊल टाकलेला एकच माणूस, माझे चुलते (तेही भिंतींना रंग द्यायला). इथे रेगेन्सबर्गला मी इंजिनं कॉम्प्युटरवर तापवतो, कॉम्प्युटरवरच थंड करतो आणि साडेपाचला घरी येतो. हाताला काळं लागत नाही. माझे वडील, म्हणजे अण्णा, विट्याला एसटी स्टँडमागे चाळीस वर्षं टू-व्हीलरचं गॅरेज चालवत आले ते याचसाठी. "पम्या, तू शिक. हात काळं करायला मी हाय," असं तेच म्हणायचे.

तर मी एक जुनी मोटरसायकल घेतली होती. एका सिलिंडरची, भारदस्त. पण घेतल्यापासून महिन्याभरात ती खडखड करायला लागली. आधीच्या मालकाला फोन केला, तर तो म्हणाला, "माझ्याकडे वीस वर्षं होती, कधी आवाज नाही." म्हणजे थापाड्या निघाला! मी आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा ग्राफ काढला आणि निदान केलं: इंजिनच्या आतलं बेअरिंग गेलं. वर्कशॉपवाल्याने टेर्मिन, म्हणजे भेटीची तारीख, दिली ती पुढच्या मार्चची. म्हटलं, ठीक आहे, आपणच इंजिन काढू. बी.ई. झालोय ते कशाला?

त्यात अण्णा तीन महिन्यांसाठी आले होते. खाली गाडी चालू करून त्यांना ऐकवली. कान टवकारून म्हणाले, "आवाज इंजिनचा न्हाई पम्या. वरनं कुठनं तरी येतोय."

"अण्णा, मी ग्राफ काढलाय."

"ग्राफला कान हाईत का?"

मी हसून सोडून दिलं. अण्णा सातवी शिकलेले आहेत.

अडचण एकच होती. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, म्हणजे टीफगाराशमध्ये, गाडी दुरुस्त करायला सक्त मनाई आहे. तेलाचा थेंब पडला तर इकडे माणूस मेल्यासारखी चौकशी होते. आणि आम्हाला घरमालकाची एक आबमानुंग, म्हणजे लेखी ताकीद, आधीच मिळालेली होती (ओल्या कचऱ्याच्या डब्यात नारळाच्या करवंट्या टाकल्या म्हणून. करवंट्यांचे फोटो जोडलेले होते. चार बाजूंनी!). दुसरी आली तर घर सोडायला सांगतील, हे माझ्या बायकोने, अश्विनीने, मला रोज सकाळी चहाबरोबर ऐकवायचा नेम धरला होता. हे घर मिळायला आम्हाला आठ महिने लागले होते. त्या आठ महिन्यांत तिने इतकी घरं पाहिली की लोकांच्या न्हाणीघरातल्या फरशीवरून ती घरमालकाचा स्वभाव ओळखायला लागली.

"एक थेंब, प्रमोद! एक थेंब सांडला ना, तर तू त्या मोटरसायकलवर राहायला जा."

म्हणून मी गुपचूप काम काढलं. कोपऱ्यातल्या जागेत, गाडीवर चादर टाकून. रोज ऑफिसनंतर एक तास. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर, नंबर एक्सेलमध्ये. अण्णा शेजारी दुधाच्या क्रेटवर बसून बघायचे.

"मी लावू का हात?"

"नको अण्णा, तुम्ही आराम करा. याची एक पद्धत असते."

"आसंल. मी सव्वा तासात काढायचो. पद्धत म्हाईत नव्हती ना."

सहा दिवसांत मी इंजिन सगळीकडून सोडवलं. फक्त मागचा एक लांब बोल्ट राहिला. इंजिन खालून टेकवायला मी माझे जर्मन शिकायचे जाडजूड शब्दकोश लावले होते (त्यांच्यावर कुणाचा तरी भार पडायची ही पहिलीच वेळ), आणि उरलंसुरलं तेल ठिबकायला घरातली एक परात. सातव्या दिवशी मी सुट्टी घेतली होती. सकाळी खाली गेलो, बोल्टकडे समाधानाने बघितलं आणि पाने आणायला वर आलो.

सातवा दिवस खंडेनवमीचा होता.

हॉलमध्ये पाटावर माझे सगळे पाने मांडलेले. भांड्याच्या साबणाने लख्ख धुतलेले, हळदकुंकू लावलेले, शेवंती वाहिलेली. शेजारी माझा लॅपटॉप, अश्विनीचा लॅपटॉप, तिचा मिक्सर. समोर अण्णा हात जोडून.

"वा, छान झाली पूजा," मी म्हणालो. "तो सतराचा पाना घेतो हं जरा."

"उद्या," अण्णा म्हणाले.

"अण्णा, एकच बोल्ट आहे."

"उद्या. उत्तरपूजा झाल्यावर. आज हत्यार उचलायचं न्हाई. सरपंच जीप घेऊन आलता एकदा खंडेनवमीला. नवा सरपंच! त्याला चालत घरी लावलाय मी."

मी म्हटलं ठीक आहे, घाई कसली, उद्या तर उद्या. एवढ्यात बेल वाजली.

दारात आमच्या बिल्डिंगची देखरेख करणारे हाउसमाइस्टर हेर हुबर (हेर म्हणजे जर्मनीत श्रीयुत). सव्वासहा फूट उंच, निळा ओव्हरऑल, चेहऱ्यावर कायम पंचवीस वर्षांच्या पावसाची सावली. ते म्हणाले, "हेर पाटील, टीफगाराश धुवायची आहे. एक वाजता मशीन येतंय. सगळ्यांनी गाड्या बाहेर काढल्या. तुमची मोटरसायकल तेवढी आहे."

"आज?"

"दोन आठवडे जिन्यात नोटीस आहे."

"मला नाही दिसली."

"खरं आहे," हेर हुबर शांतपणे म्हणाले. "तिच्यावर तुमची नोटीस आहे."

मी डोळे मिटले. आठवलं. 'शनिवारी आमच्याकडे नवरात्राची आरती आहे, थोडा आवाज होईल, क्षमस्व' असा कागद शेजाऱ्यांसाठी मीच जिन्यात लावला होता. बोर्डावर जागा नव्हती म्हणून कुठल्याशा जुन्या कागदावर!

"या, या. गेनाऊ," म्हणजे हो हो, अगदी बरोबर. "काढतो लगेच," मी म्हणालो आणि दार लावलं. घड्याळात पावणेबारा.

"अण्णा, पाना द्या!"

"उद्या."

"अण्णा, घर जाईल!"

"अश्विनी, बघ गं. कसं बोलतोय."

मी आशेने अश्विनीकडे वळलो. "हे घर मी सोडणार नाही," ती म्हणाली. "आणि पूजेतला पाना उचलू देणार नाही."

"मग मी करू काय?"

"तू इंजिनिअर आहेस ना?"

मी खाली धावलो. गाडी ढकलून पाहिली, तर शब्दकोश सरकले आणि इंजिन एका बाजूला असं कललं की माझं काळीज त्याच बाजूला कललं. फर्निचर सरकवायची चाकांची फळी आणली, ती खाली बसेना. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून पाहिला (सहा दिवस मोजून घट्ट ठेवलेला बोल्ट!). साडेबारा झाले. मागे अण्णा आणि अश्विनी येऊन उभे राहिले.

"दुसऱ्याचा पाना चालेल का?" मी घाम पुसत विचारलं.

अण्णांनी विचार केला. "दुसऱ्याचा पाना चालंल. पर तू लावायचा न्हाईस. तुझं हत्यार पूजेला बसलंय. ज्याचा पाना, त्यानंच फिरवायचा."

आता अख्ख्या बिल्डिंगमध्ये पाने बाळगणारा माणूस एकच. जो घरमालकाला कळवून मला दुसरी आबमानुंग देववू शकत होता, तोच!

आणि बोलावायचीही गरज पडली नाही. पाठीमागे बुटांचा आवाज आला. हेर हुबर आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन बोटांनी चादर उचलली.

उघडी पडलेली गाडी. शब्दकोशांवर लोंबकळणारं इंजिन. खाली काळ्या तेलाने भरलेली परात.

"माझी परात!" अश्विनी ओरडली. "मंगळवारपासून शोधतेय मी!"

मी बोलायला लागलो. जर्मन भाषेत जेवढे म्हणून माफी मागायचे प्रकार आहेत ते सगळे मी एका दमात वापरले. देवीचं सांगितलं, पानं-फुलं सांगितली, आज हत्यार उचलता येत नाही हे सांगितलं, घराचं सांगितलं, करवंट्यांचंही परत सांगितलं. हेर हुबर वाकून इंजिन बघत होते.

"आल्झो," ते शेवटी म्हणाले. "आइनत्सिलिंडर?"

"या," मी म्हणालो. "एकच सिलिंडर."

"माझ्याकडे होती अशी. लग्नाआधी."

त्यांच्या चेहऱ्यावरचा पंचवीस वर्षांचा पाऊस थांबला. अण्णा तेवढ्यात पुढे झाले, वरून आणलेली प्रसादाच्या शिऱ्याची वाटी त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी खूण केली: इंजिन गाडीतून नाही उचलायचं. गाडी आडवी करायची, बोल्ट काढायचा, आणि गाडीच इंजिनावरून उचलायची.

"गेनाऊ!" हेर हुबर शिऱ्याच्या भरल्या तोंडाने म्हणाले.

"गेनाऊ," अण्णा म्हणाले. (तीन महिन्यांत त्यांनी उच्चारलेला हा पहिला जर्मन शब्द. मला तो शब्द बरोबर उच्चारायला दोन परीक्षा लागल्या होत्या!)

हेर हुबरनी आपला पाना आणला. आणि मग एकमेकांची भाषा न कळणाऱ्या त्या दोन म्हाताऱ्यांनी माझ्या सहा दिवसांच्या एक्सेलचं अकरा मिनिटांत मातेरं केलं. अण्णांनी हत्याराला बोट लावलं नाही, फक्त बोट दाखवलं. मला मोबाइलचा टॉर्च धरायला दिला होता.

"पम्या, उजेड नीट दे."

"लिंक्स, हेर पाटील. डावीकडे."

बोल्ट निघाला. दोघांनी गाडीचा सांगाडा धरून वर उचलला, जरा तिरका केला, आणि आतून आवाज आला. खड. खड. खड.

सगळे थबकले. इंजिन जमिनीवर होतं. आवाज सांगाड्यात होता.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सांगाडा अजून थोडा कलता केला. बॅटरीच्या पेटीमागच्या फटीतून काहीतरी टपकन पडलं आणि गडगडत हेर हुबरांच्या बुटाला लागलं. त्यांनी ते उचलून उजेडात धरलं.

"वास इस्ट दास? हे काय?"

सुपारी. कुंकवासकट.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी फोनवर सांगितलं व्हतं. नव्या गाडीला सुपारी कापडात गुंडाळून हँडलला बांध. बांध म्हटलं व्हतं का न्हाई?"

म्हटलं होतं. पण जर्मनीत हँडलला लाल पुरचुंडी लोंबकळताना ऑफिसातल्यांनी पाहिली तर काय म्हणतील, म्हणून मी ती सीटखाली सरकवून दिली होती. मोकळीच. आणि त्या सुपारीचा रंगीत ग्राफ काढून मी तिला बेअरिंग ठरवलं होतं.

एक वाजायला सात मिनिटं होती. सांगाडा ढकलत अंगणात नेला. इंजिनाचं काय? हेर हुबर गंभीरपणे म्हणाले, "नियमात वाहन दुरुस्त करायला बंदी आहे. नुसतं इंजिन हे वाहन नाही." आणि अण्णांसोबत ते उचलून स्वतःच्या तळघरातल्या बाकावर नेऊन ठेवलं. जमिनीवर तेलाचा एकच थेंब पडला होता. मशीन येईपर्यंत हेर हुबर त्या थेंबावर बूट ठेवून, आकाशाकडे बघत उभे राहिले. तळघरात आकाश नसतं, पण ते बघत होते. मशीन फिरलं, फरशी आरशासारखी झाली, आणि मी आठवड्यात पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. अश्विनी तर परात घासता घासता चक्क गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, उत्तरपूजा करून अण्णा आणि हेर हुबरनी आमच्याच पान्यांनी इंजिन परत बसवलं. गाडी घड्याळासारखी चालते. हँडलला लाल पुरचुंडी आहे. ऑफिसातल्या तिघांनी विचारलं, कुठे मिळते?

यंदाच्या खंडेनवमीला अण्णा विट्यात होते, म्हणून पूजा मीच मांडली. पाने, लॅपटॉप, मिक्सर, आणि मधोमध फ्रेममधली माझी डिग्री. व्हिडिओ कॉलवर अभिमानाने दाखवली.

अण्णांनी ती नीट बघून घेतली आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"लई बरं केलंस पम्या. उद्यापत्तुर तरी ती वापरू नगंस."