आमची बुटकी गार्ड

मला बास्केटबॉल येत होता म्हणून मी संघात गेले नाही, उंच होते म्हणून गेले. माळशिरसकडच्या एका वस्तीवरून मी सोलापूरला कॉलेजात आले, मुलींच्या वसतिगृहात राहू लागले, आणि थोड्याच दिवसांत खेळाच्या सरांनी मला ग्रंथालयात गाठलं. वरच्या फळीवरचं पुस्तक मी स्टूल न घेता काढत होते.

"उद्या संध्याकाळी मैदानावर ये," सर म्हणाले.

"सर, मला कायबी येत न्हाय."

"उंची येते ना? बाकीचं बघू."

मैदान मुरमाचं होतं. दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती, मैदानावर शिंपायला पाणी मागायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळं खेळ सुरू झाला की गुडघ्यापर्यंत धूळ. बॉल चामड्याचा, एका अंगाला फुगलेला. तो कुठं उसळेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

संघात एक मुलगी होती, माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी. भवानी पेठेत तिच्या वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी, गल्लीत विणकरांची तेलुगू, असं सगळं ती सहज बोलायची, पण मैदानावर जवळजवळ मुकी. ती गार्ड होती. बॉल मागून पुढं आणायचा आणि कुणाला द्यायचा ते ठरवायचं, हे तिचं काम. मी सेंटर. रिंगखाली उभं राहायचं आणि आलेला बॉल आत घालायचा.

पहिल्याच दिवशी तिचा पास माझ्या नाकावर बसला. घोळणा फुटला. ती धावत आली आणि आपली ओढणी माझ्या नाकाला लावून म्हणाली, "तू बघत नव्हतीस की!"

"तू तरी कुटं बघत व्हतीस माझ्याकडं?"

"बघितलं होतं. आधी."

हे 'आधी' मला समजायला बरेच दिवस गेले. ती बॉल हातात यायच्या आतच सगळं मैदान पाहून ठेवायची. मग पास देताना भलतीकडंच बघायची, आणि समोरच्या मुली तिच्या डोळ्यांमागं फसत जायच्या. मी पण फसायचे. सरांनी मला बजावलं, "तिच्या तोंडाकडे बघू नकोस. मोकळी जागा दिसली की तिथं जा, हात वर कर. बॉल येईल." मी तसं करू लागले, आणि खरोखर बॉल येऊ लागला. लोण्याच्या गोळ्यासारखा अलगद, बरोबर बोटांच्या टोकाशी. मला फक्त वळून तो आत घालायचा असायचा. दिवाळीपर्यंत कॉलेजात मी 'बास्केट करणारी ती उंच मुलगी' म्हणून ओळखीची झाले. तिला कुणी ओळखत नव्हतं.

तिच्यात उणं नव्हतं असं नाही. एक म्हणजे ती स्वतः बॉल टाकायचीच नाही. रिंगखाली एकटी असली तरी मान वळवून आधी कुणी येतंय का बघायची. दुसरं, धक्काबुक्की सुरू झाली की बाजूला सरायची. आणि तिसरं, तिचा डावा हात. डाव्या हातानं ती बॉल आपटत न्यायची, पण पास म्हणून द्यायची नाही. सर ओरडून ओरडून दमले. शेवटी एकदा त्यांनी तिला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "सर, दुकानात डाव्या हातानं गिऱ्हाइकाला काय द्यायचं नसतं. अप्पा लहानपणापासून रागवत आलेत. हात पुढंच होत नाही."

सर आधी हसले, मग कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "अगं बाई, ही तुझी गिऱ्हाइकं नव्हेत!" त्यानंतर आठवडाभर त्यांनी तिचा उजवा हात ओढणीनं पाठीशी बांधून सराव घेतला. थोडा फरक पडला. पण डाव्या हातानं पास दिला की ती अजून चटकन जीभ चावायची.

तिच्या घरी मी अनेकदा जेवायला जायचे. वसतिगृहातल्या आमटीपुढं तिच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची शेंगापोळी म्हणजे चैन होती. अव्वाला खेळ पसंत नव्हता. स्कर्ट घालायचा नाही, सलवारच घालायची, या अटीवर तिनं मुलीला मैदानावर सोडलं होतं, म्हणून मग सरांनी सगळ्या संघालाच सलवार घालायला लावली. अप्पा मात्र अबोल. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, गल्ल्यावर बसलेले. एकदा शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजशी सामना होता, तेव्हा ते अचानक दुकान भावावर सोपवून आले आणि झाडाखाली उभे राहिले.

सामना आम्ही जिंकलो. मी भरपूर बास्केट केल्या होत्या, त्यामुळं मी फुगले होते. अप्पांजवळ गेले तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"आमच्या पोरीनं एकबी टाकला न्हाय की," ते म्हणाले.

"अप्पा, ती टाकत नसतीच. मी टाकलेले सगळे तिनंच दिलेले."

"सगळे?"

"सगळे. समोरच्या पोरींना ती तिकडं पळवायची आन् बॉल मला हिकडं द्यायची. मी नुसती हुबी व्हते."

अप्पा विचारात पडले. मग त्यांच्या मिशीत हसू फुटलं. "म्हंजे दुकान ती चालवती, आन् गल्ल्यावर तू बसतीस!"

मला राग यायला हवा होता, पण इतकं चपखल वर्णन आमच्या खेळाचं पुन्हा कुणी केलं नाही. ती मात्र लाजून लाल झाली आणि "चला की आता अप्पा," म्हणत त्यांना ओढत घेऊन गेली.

विद्यापीठाच्या संघाची निवड कोल्हापूरला होती. जाण्याआधी सरांनी तिला सांगितलं, "हे बघ, तिथं तुला कुणी ओळखत नाही. चार तरी बॉल टाक, नाहीतर तुझ्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही." ती "हो सर" म्हणाली. एस. टी.नं मंगळवेढा, सांगोला, मिरज करत आम्ही पोचलो. वाटेत तिनं सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटली, अगदी ड्रायव्हरलासुद्धा.

पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकाच बाजूला होतो. तिनं एकही बॉल टाकला नाही. सगळे मला दिले. संध्याकाळी नळावर तोंड धुताना मी निवड करणाऱ्या दोघा सरांचं बोलणं ऐकलं. "ती सोलापूरची उंच मुलगी पक्की," एक म्हणाले. दुसऱ्यांनी विचारलं, "आणि तिच्याबरोबरची बुटकी?" "ती काय करते? काहीच नाही."

माझ्या अंगाची लाही झाली. खोलीवर जाऊन मी तिच्यावर ओरडले, "सरांनी काय सांगितलं व्हतं? टाकायला काय झालं?"

ती केस विंचरत म्हणाली, "तू मोकळी होतीस की."

"आन् तुझं काय?"

"माझं काय? मला मजा आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजू बदलल्या. मी एकीकडं, ती दुसरीकडं. माझ्या बाजूची गार्ड कोल्हापूरचीच, दिसायला चलाख, पळायला वाऱ्यासारखी. पण ती बॉल घेऊन थेट रिंगकडं सुटायची. मी शेतातल्या बुजगावण्यासारखी दोन्ही हात वर करून उभी. जो एखादा पास आला तो पायापाशी, वाकून घेईपर्यंत गेला. तिकडं आमची बुटकी कऱ्हाडच्या, साताऱ्याच्या अशा कधी न पाहिलेल्या मुलींमध्ये होती. सुरुवातीला तिचे पास त्यांच्या हातातून निसटत होते, एकीच्या तर कानावर बसला. पण थोड्या वेळात त्या हात वर करायला शिकल्या. मग जिला काल कुणी विचारत नव्हतं अशी साताऱ्याची एक जाडजूड मुलगी बास्केटवर बास्केट करू लागली. एवढी खूश, की प्रत्येक वेळी टाळ्या पिटत मागं पळायची.

निवड समितीत एक बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, पांढरी साडी, पायात मात्र कॅनव्हासचे बूट. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि तिच्या बाजूच्या टोकाला नेऊन ठेवली. खेळ थांबल्यावर तिला बोलावलं. मीही मागोमाग गेले.

"तू रिंगकडे बॉल का टाकत नाहीस?" बाईंनी विचारलं.

"कुणीतरी जवळ असतंच की, बाई."

"आणि कुणी नसलं तर?"

"तर थांबते. येतं कुणीतरी."

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "हे बघ मुली, तुझे डोळे चांगले आहेत. असे डोळे शिकवून येत नाहीत. पाय चांगले आहेत. डावा हात कच्चा आहे, तो होईल. पण खेळात थोडा हावरेपणा लागतो. तो तुझ्यात मुळीच नाही. समोरच्यांना कळलं ना, की ही टाकत नाही, की ते तुला सोडून बाकीच्यांना धरतील. मग तू काय करशील?"

मला वाटलं आता ती रडणार. पण परत येताना ती एवढंच म्हणाली, "बाई खरं बोलल्या गं."

संध्याकाळी नावं वाचली. मी संघात होते. ती राखीव खेळाडूंत, अगदी शेवटी. मला आनंद धड होईना. तिला मात्र कोण आनंद! तिनं तिथंच उरलेली भाकरी काढली आणि साताऱ्याच्या त्या मुलीला भरवली. त्या मुलीचं नाव आलं नव्हतं.

स्पर्धा दूर, दुसऱ्या राज्यात होती. नेमके त्याच सुमारास तिला बघायला अक्कलकोटकडचे पाहुणे यायचे होते. अव्वानं साफ नकार दिला. मी मुद्दाम गेले होते गळ घालायला, पण मला तोंड उघडावंच लागलं नाही. अप्पा हिशेब बाजूला सारून अव्वाला म्हणाले, "होगली बिड." म्हणजे जाऊ दे, सोड. मग माझ्यासाठी मराठीत म्हणाले, "पावणे काय, पुढल्या महिन्यात बी येतील की."

स्पर्धेत ती पहिले सामने नुसती बाकावर बसून होती. शेवटच्या सामन्यात आम्ही मागं पडलो होतो, आणि आमच्या मुख्य गार्डचे फाउल भरले. तिला बाहेर जावं लागलं. आमची बुटकी ओढणी कमरेला आवळून आत आली. आल्या आल्या तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, तेव्हा मी ओळखलं आणि हात वर केले. एक बास्केट, मग दुसरी, मग तिसरी. अंतर घटत गेलं. समोरच्या मुलींना मग उमगलं. त्यांनी तिला मोकळं सोडलं आणि आम्हा चौघींना घट्ट धरलं. कोल्हापूरच्या बाई म्हणाल्या होत्या तसंच.

अखेरच्या क्षणी बॉल तिच्याकडं होता, एका बास्केटनं आम्ही मागं होतो, आणि रिंगपासून तिच्यापर्यंत कुणीही नव्हतं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माझ्यावर दोघी चढलेल्या. मी ओरडले, "टाक गं! टाक!"

तिनं टाकला. बॉल कडीवर आपटला, कडीवरून एक चक्कर मारली आणि बाहेर पडला. शिटी वाजली.

मी तिच्याकडं जायला भ्याले. ती कमरेवर हात ठेवून रिंगकडं बघत उभी होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "बघ, म्हणून मी तुला देते." आणि खुदकन हसली. रडू मलाच आलं. तर मला दटावायला लागली, "गप की, लोक बघायलेत."

जिंकलेल्या संघाची कप्तान हात मिळवायला आली. माझा हात तिनं उगीच धरल्यासारखा धरला, पण हिचा हात हातातच ठेवून हिंदीत विचारलं, "कौन-से साल में हो? अगले साल भी आओगी?" ही "हाँ" म्हणाली. त्या कप्ताननं देवाला हात जोडल्याचं सोंग केलं, "मत आना!" दोघी खळखळून हसल्या. सोलापूरच्या वर्तमानपत्रात माझं नाव आलं, तिचं आलं नाही. अप्पांनी तरीही तो अंक दुकानात आल्यागेल्याला दाखवला.

पुढच्या वर्षी माझा गुडघा सुजला. निवडीला मी लंगडतच गेले आणि संघातून गळाले. ती मुख्य पाचजणींत आली. तोवर ती सामन्यात एक-दोनदा टाकूही लागली होती. ती स्पर्धेला गेली तेव्हा मी वसतिगृहात गुडघा शेकत बसले होते. परतल्यावर घरी सामान टाकून ती तडक माझ्याकडं आली, आणि खोलीत उशीचा बॉल करून तिनं मला सगळे सामने खेळून दाखवले. नवीन सेंटर इंदापूरकडची होती. तिचं फार कौतुक चाललं होतं. तिची उडी, तिचे मऊ हात. मी ऐकत होते आणि आत कुठंतरी खुपत होतं.

"माझ्यापेक्षा चांगली हाय?" मी शेवटी विचारलं.

ती उशी मांडीवर घेऊन बसली. तिला खोटं बोलता यायचं नाही, हे मला माहीत होतं.

"व्हय," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा लई चांगली. पण तिला सांगावं लागतं गं, कुठं उभं राहायचं ते."

मग तिनं माझ्या गुडघ्यावरची पट्टी सोडली, पुन्हा नीट आवळून बांधली, आणि अव्वा वाट बघत असेल म्हणून घाईघाईनं घरी गेली. परीक्षा झाल्यावर अक्कलकोटच्या त्याच पाहुण्यांकडं तिचं लग्न ठरलं. मी लग्नाला गेले तेव्हा अप्पांनी मला मांडवात सगळ्यांत पुढं बसवलं आणि शेजारच्या माणसाला माझी ओळख करून दिली, "ही आमच्या पोरीची सेंटर."